मृत्युपत्र, जमीनदस्त आणि घराण्याचा शोध : व्हर्जिनियातील कार्टर घराण्याच्या कागदपत्रांची चिकित्सा

जमीनदार घराण्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकाला बखरी, आठवणी व कुलवृत्तान्त यांच्यापेक्षा मृत्युपत्रे आणि जमिनीचे दस्त अधिक भरवशाचे वाटतात, आणि ते स्वाभाविकही आहे. बखरकार स्तुती करतो, वंशज पूर्वजांचा मोठेपणा सांगतो; दस्त लिहिणाऱ्या कारकुनाला मात्र क्षेत्र, चतुःसीमा, मोबदला आणि साक्षीदारांची नावे यांपलीकडे काही सांगावयाचे नसते. तथापि या भरवशाला एक मर्यादा आहे. कायद्याचा कागद भावी इतिहासकारासाठी लिहिलेला नसतो. कोणता तरी हक्क निर्माण करणे, हस्तांतरित करणे किंवा राखणे हे त्याचे काम असते, आणि त्या कामाला जेवढे लागेल तेवढेच त्यात येते. म्हणून असा कागद काय सांगतो हे पाहण्याआधी तो कशासाठी लिहिला गेला हे पाहावे लागते. अमेरिकेतील व्हर्जिनिया या ब्रिटिश वसाहतीतील कार्टर घराण्याची कागदपत्रे या दृष्टीने तपासण्याजोगी आहेत. सुमारे दीडशे वर्षांची, चार पिढ्यांची ही साखळी बरीचशी अखंड राहिली आहे. आणि तिच्या शेवटी असा एक दस्त आहे की, ज्यामुळे ‘घराण्याचा शोध’ या शब्दांचा अर्थच पुन्हा तपासावा लागतो.

१

या घराण्याचा व्हर्जिनियातील मूळपुरुष जॉन कार्टर याने रॅपाहॅनॉक नदीच्या मुखाजवळ कोरोटोमन येथे वसती केली. त्याचा मुलगा रॉबर्ट (१६६३–१७३२) हा वसाहतीतील सर्वांत श्रीमंत गृहस्थ झाला आणि त्याच्या अधिकारामुळे व तोऱ्यामुळे लोक त्याला ‘किंग’ कार्टर म्हणू लागले. किंग कार्टरचे मुलगे जॉन, रॉबर्ट, चार्ल्स, लँडन व जॉर्ज. यांपैकी रॉबर्ट दुसरा याचा मुलगा तो रॉबर्ट कार्टर तिसरा (१७२८–१८०४), नोमिनी हॉलचा मालक. कोरोटोमनची हवेली १७२९ मध्ये जळाली, नोमिनी हॉल १८५० मध्ये जळाले. किंग कार्टरच्या पैशाने उभे राहिलेले लँकेस्टर काउंटीतील ख्राइस्ट चर्च तेवढे आजही उभे आहे. वास्तू नाहीशा झाल्या तरी कागद राहिले, हे या घराण्याच्या अभ्यासकाचे भाग्य. व्हर्जिनियातील सर्वच काउंट्यांच्या बाबतीत असे झालेले नाही. यादवी युद्धात सुरक्षिततेसाठी म्हणून अनेक काउंट्यांनी आपली दप्तरे रिचमंड येथे पाठविली आणि एप्रिल १८६५ च्या आगीत ती तेथेच भस्मसात झाली. लँकेस्टर व वेस्टमोरलंड या काउंट्यांची दप्तरे मात्र सतराव्या शतकाच्या मध्यापासून पुष्कळशी टिकली आहेत. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ज्यांचे कागद टिकले तीच घराणी महत्त्वाची होती, असा समज अशा टिकलेल्या दप्तरांवरून नकळत होतो. वस्तुतः जे टिकले ते महत्त्वामुळे टिकले की योगायोगाने, हा प्रश्न प्रत्येक काउंटीपुरता निराळा सोडवावा लागतो.

साखळीचा पहिला दुवा म्हणजे जमिनीची सनद. व्हर्जिनियात १६१८ पासून ‘हेडराइट’ची पद्धत होती. जो कोणी स्वखर्चाने माणूस वसाहतीत आणील त्याला माणशी ५० एकर जमीन मिळे. त्यामुळे सनदांच्या खाली आणलेल्या माणसांच्या नावांच्या याद्या आढळतात, आणि वंशावळी शोधणाऱ्यांना त्या खाणीसारख्या वाटतात. परंतु हेडराइटचा दाखला विकता येत असे, साठवून ठेवता येत असे, आणि एकाच माणसाच्या नावावर दोनदा जमीन मागितल्याची उदाहरणेही आहेत. म्हणजे सनदेवरील नावावरून तो मनुष्य त्याच वर्षी आला, किंवा सनद घेणाऱ्यानेच त्याला आणले, असे सिद्ध होत नाही. सनदेतून निश्चित सिद्ध होते ते एवढेच की, त्या दिवशी त्या गृहस्थाने त्या नावांच्या आधारे जमिनीवर हक्क सांगितला आणि सरकारने तो मान्य केला.

पोटोमॅक व रॅपाहॅनॉक या नद्यांमधील ‘नॉर्दर्न नेक’ या प्रदेशात तर खासगी मालकाचा अंमल प्रत्यक्षात आल्यावर हेडराइट लागू राहिले नाही. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने १६४९ मध्ये हा सारा मुलूख आपल्या सात पक्षपात्यांना बहाल केला होता. पुढे तो फेअरफॅक्स घराण्याकडे गेला आणि १७४५ मध्ये हद्दीचा निकाल लागला तेव्हा त्याचे क्षेत्र ५० लाख एकरांहून अधिक ठरले. येथील जमीन फेअरफॅक्सचा मुखत्यार देई आणि वार्षिक धाराही त्याच्याकडेच भरावा लागे. १७०२ ते १७११ आणि पुन्हा १७२२ ते १७३२ या काळात हा मुखत्यार खुद्द किंग कार्टर होता. या एका गोष्टीमुळे त्या वर्षांतील सनदा निराळ्या दृष्टीने वाचाव्या लागतात. त्यांत त्याच्या मुलांची, नातवांची व जावयांची नावे वारंवार येतात. देणारा आणि घेणारा एकाच घरातील, अशी ही स्थिती. सनदेच्या भाषेत याचा मागमूसही लागत नाही, कारण मुखत्यार सही करतो ती मालकाच्या वतीने. लहान नातवाच्या नावे हजारो एकरांची सनद दिसली, तर ती त्या मुलाच्या कर्तृत्वाची नोंद नसून आजोबांच्या अधिकारपदाची नोंद आहे, हे अनेक सनदा शेजारी ठेवल्याखेरीज कळत नाही.

किंग कार्टरने मागे तीन लाख एकर जमीन, एक हजार गुलाम आणि दहा हजार पौंड रोकड ठेवली, असे बहुतेक ग्रंथांत आढळते. हे सुटसुटीत आकडे त्याच्या मृत्यूनंतर लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापलेल्या मृत्युवार्तेतील आहेत, ते कोणत्याही दस्तातील नव्हेत. मुलांच्या नावे आधीच झालेली जमीन त्यांत धरली की नाही, यावर त्यांचा अर्थ अवलंबून आहे. मृत्युवार्तेतील आकडा कीर्तीचा असतो आणि यादीतील आकडा मोजणीचा असतो. शोधनिबंधात दोन्हींची गल्लत होता कामा नये.

२

मृत्युपत्र हा यापुढील दुवा. मराठी अभ्यासकाने येथे प्रथम एक भेद लक्षात घ्यावयास हवा. मिताक्षरा पद्धतीच्या एकत्र कुटुंबात वडिलोपार्जित मिळकतीवर मुलाचा हक्क जन्मतःच असल्यामुळे मृत्युपत्राला फारसा वाव नव्हता, आणि हिंदूंच्या मृत्युपत्रांना नियमबद्ध करणारा कायदा १८७० मध्ये आला. इंग्रजी कायद्याखालील जमीनदाराची गोष्ट निराळी होती. मृत्युपत्र न करता तो वारला तर सारी जमीन थोरल्या मुलाकडे जाई. म्हणून मृत्युपत्र लिहिणे म्हणजे धाकट्या मुलांसाठी, मुलींसाठी व पत्नीसाठी नेमाला अपवाद करणे होय. यावरून वाचनाचा एक नियम निघतो. मृत्युपत्रात थोरल्या मुलाचा उल्लेख त्रोटक असेल किंवा नसेल, तर त्याला वगळले असा तर्क करणे धोक्याचे आहे. त्याला जे मिळावयाचे ते कायद्यानेच मिळणार होते, किंवा बापाने ते हयातीतच दस्ताने दिले होते, असाही त्याचा अर्थ असू शकतो.

मूळपुरुष जॉन कार्टर याचे मृत्युपत्र १६६९ चे आहे. त्यात धाकटा मुलगा रॉबर्ट याच्यासाठी एक कलम आहे. लॅटिन शाळेत शिकलेला एक नोकर त्याच्यासाठी विकत घ्यावा. त्या नोकराने सतत त्याच्याजवळ राहून त्याला इंग्रजी व लॅटिन शिकवावे आणि अपायापासून व दुर्वर्तनापासून त्याला जपावे, अशी ती आज्ञा आहे. चरित्रकारांना हे कलम प्रिय आहे, कारण त्यातून बापाची माया व विद्येची आस्था दिसते. ती त्यात आहेही. परंतु ‘विकत घ्यावा’ हे शब्द सहज वाचून पुढे जाण्यासारखे नाहीत. येथे अभिप्रेत असलेला नोकर बहुधा मुदतबंदीचा इंग्रज नोकर असणार. शिक्षकाचीही खरेदी करता येते अशा समाजाचे चित्र त्या एका क्रियापदात आले आहे, आणि ते रेखाटण्याचा लिहिणाऱ्याचा हेतू मुळीच नव्हता. कायद्याच्या कागदातून मिळणारी उत्तम माहिती बहुधा अशीच, हेतूच्या बाहेर सांडलेली असते. ज्याच्यासाठी हे कलम लिहिले तो सहा वर्षांचा धाकटा मुलगा पुढे थोरला भाऊ १६९० मध्ये वारल्यावर कोरोटोमनचा धनी झाला आणि तोच किंग कार्टर. १६६९ च्या मृत्युपत्रावरून त्याचे भविष्य कोणाला सांगता आले नसते.

किंग कार्टरचे स्वतःचे मृत्युपत्र १७२६ चे असून त्याला पुढील वर्षांत पुरवण्या जोडलेल्या आहेत. तो वारला ४ ऑगस्ट १७३२ रोजी. त्याच वर्षी, त्याच्याआधी, त्याचा मुलगा रॉबर्ट दुसरा वारला. म्हणजे १७२६ चा मूळ मजकूर तेवढा वाचणाऱ्याला जो वारस दिसतो, तो वारसा मिळण्याच्या वेळी हयातच नव्हता. मृत्युपत्राला दोन तारखा असतात, एक लिहिल्याची व दुसरी न्यायालयात शाबीत झाल्याची. आणि घराण्यातील घडामोडी पुष्कळदा या दोन तारखांच्या मधल्या रिकाम्या जागेत घडतात. मृत्युपत्रांचे गोषवारे छापताना अनेक संपादक एकच तारीख देतात. तसा गोषवारा वाचून पिढ्यांचा मेळ घालू पाहणारा अभ्यासक फसला तर नवल नाही.

तारखांचा आणखी एक सापळा आहे. १७५२ पर्यंत इंग्रजी अंमलात नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई. रॉबर्ट तिसरा याचा जन्म आजच्या गणनेने फेब्रुवारी १७२८ मधील, परंतु त्या वेळच्या कागदात ते साल १७२७ लिहिले जाई. बाप व आजोबा वारले तेव्हा तो चार वर्षांचा होता, आणि सज्ञान झाला १७४९ मध्ये. एक वर्षाचा हा फरक क्षुल्लक वाटतो; पण पालकत्व केव्हा संपले आणि चुलत्यांनी पाहिलेल्या मिळकतीचा ताबा त्याला केव्हा मिळाला, हे त्यावरच ठरते.

३

जमिनीच्या दस्तांत शब्दांचे फसवेपण मृत्युपत्रांहून अधिक आहे. अठराव्या शतकातील व्हर्जिनियात जमिनीची विक्री अनेकदा दोन कागदांनी होई. पहिल्याने खरेदीदाराला एका वर्षाचा पट्टा, मोबदला पाच शिलिंग आणि मागितल्यास एक मिरीचा दाणा एवढा खंड. दुसऱ्याने, बहुधा दुसऱ्याच दिवशी, पट्टेदाराच्या नावे मालकीचा त्याग. खरी किंमत असते ती दुसऱ्या कागदात. पहिलाच कागद हाती लागला तर शेकडो एकर पाच शिलिंगांना गेल्याचा चमत्कारिक निष्कर्ष निघतो. नात्यागोत्यातील बक्षीसपत्रांत तर ‘प्रेम व ममता’ हाच मोबदला लिहिलेला असतो. हा कायद्याचा ठरीव शब्दप्रयोग आहे. त्यावरून बापलेकांचे सूत कसे होते याचा अंदाज बांधू नये.

चतुःसीमा हा भाग त्या मानाने निर्मळ. अमुक ओढ्याच्या मुखापासून खुणेच्या पांढऱ्या ओकपर्यंत, तेथून अमक्याच्या शेताच्या कोपऱ्यापर्यंत, अशी ही वर्णने असतात. झाडे मरतात, ओढे पात्र बदलतात. म्हणून ठरावीक वर्षांनी शेजाऱ्यांनी मिळून सीमेवरून चालत जावे व खुणा ताज्या कराव्या असा व्हर्जिनियात कायदाच होता आणि त्याची नोंद चर्चच्या पंचांकडे होई. गावच्या हद्दीचा महजर ज्याने वाचला आहे त्याला हा प्रकार ओळखीचा वाटेल. वंशशोधकाच्या दृष्टीने शेजाऱ्यांची ही नावे विशेष मोलाची. सारख्याच नावाच्या दोन माणसांना वेगळे करण्याचे साधन बहुधा तेच असते. कार्टर घराण्यात जॉन, रॉबर्ट व चार्ल्स ही नावे प्रत्येक पिढीत फिरतात. म्हणून समकालीन लोक ‘क्लीव्हचा चार्ल्स’, ‘शर्लीचा चार्ल्स’, ‘सबाइन हॉलचा लँडन’ असे म्हणत. माणूस जमिनीवरून ओळखला जाई, आणि आजही त्याला तसाच ओळखावा लागतो.

स्त्रियांच्या बाबतीत हा मार्ग खुंटतो. लग्नानंतर आडनाव बदलते, पुनर्विवाहानंतर पुन्हा बदलते. रॉबर्ट तिसरा याची आई प्रिसिला ही माहेरची चर्चिल, पहिल्या लग्नाने कार्टर आणि दुसऱ्या लग्नाने लुइस. सूचीत ती तीन ठिकाणी विखुरलेली आहे. तथापि पतीच्या जमिनीत विधवेचा तहहयात तृतीयांश हक्क असल्यामुळे, नवऱ्याने जमीन विकताना पत्नीची एकान्तात जबानी घेऊन तिची संमती नोंदविण्याची रीत होती. जबानी ठरीव शब्दांत असे आणि तिच्या मनात काय होते ते कळत नाही. परंतु त्या दिवशी ती हयात होती, विवाहित होती व तिचे नाव अमुक होते, एवढे तीत निश्चित मिळते. पुष्कळ कुटुंबांच्या बाबतीत तेवढाच एक आधार असतो.

या सर्वांवर छाया होती ती वंशबद्ध वारशाची. जमीन अमक्याला व त्याच्या औरस वंशाला, अशा शब्दांत एकदा बांधून टाकली की पुढच्या मालकाला ती विकता येत नसे. १७०५ नंतर व्हर्जिनियात ते बंधन तोडण्यास विधिमंडळाचा खास कायदा लागे. १७७६ मध्ये जेफर्सनच्या पुढाकाराने हे बंधन रद्द झाले आणि थोरल्या मुलाचा वारसाहक्क १७८५ च्या कायद्याने गेला. त्याआधीच्या मालकाने जमीन विकली नाही, यावरून त्याला जमिनीची ओढ होती असे ठरत नाही. कदाचित त्याला ती विकताच आली नसती.

४

येथवर जे घराणे शोधले ते जमिनीच्या मालकांचे. परंतु याच कागदांत दुसरी माणसे पानोपानी आहेत. १६६२ च्या कायद्याने मुलाची गुलामी आईवरून ठरविली. १७०५ च्या कायद्याने गुलामांना वारशाच्या कामी स्थावर मिळकत मानले, आणि १७२७ मध्ये वंशबद्ध जमिनीला गुलाम व त्यांची पुढील संतती कायमची जोडून देण्याची मुभा दिली. कर्जाच्या वसुलीसाठी मात्र ते जंगम समजले जात. याचा अर्थ असा की, ज्या कलमाने नातवाला जमीन मिळे त्याच कलमाने त्या जमिनीवरील माणसेही मिळत.

या क्रूर व्यवस्थेचा साधनांवर झालेला परिणाम विचार करण्याजोगा आहे. मालमत्ता ओळखू यावी म्हणून तिचे वर्णन करावे लागते. किंग कार्टरच्या मृत्यूनंतर केलेल्या मिळकतीच्या यादीत प्रत्येक मळ्यावरील गुरे, अवजारे व माणसे नोंदलेली आहेत, आणि माणसांची नोंद पुष्कळ ठिकाणी नवरा, बायको व मुले अशी कुटुंबवार आहे. जो कायदा त्यांचे लग्न मानीत नव्हता त्याच कायद्याच्या यादीत त्यांचे कुटुंब दिसते. यादी करणाऱ्यांना कुटुंबाशी कर्तव्य नव्हते. मोजणी सोयीने करणे एवढाच त्यांचा हेतू. तरीसुद्धा या माणसांविषयी त्या काळातील नामनिशीवार लेख बहुतांशी याच प्रकारचे आहेत. त्यांत जे नाही तेही ध्यानात ठेवावे लागते. मुलाचा दर्जा आईवरून ठरत असल्यामुळे बापाचे नाव अनेकदा गळते, आडनाव बहुधा नसते, आणि एखादे नाव पुढील यादीत दिसले नाही तर ते माणूस मेले, विकले गेले, पळाले की दुसऱ्या वारसाच्या वाट्यात गेले, हे यादी सांगत नाही. उत्तर शोधावयाचे तर मालकांच्या वाटण्या पाहाव्या लागतात. किंग कार्टरची मिळकत मुलांत व नातवांत विभागली गेली तेव्हा मळ्यांवरील कुटुंबेही विभागली गेली. वारसांना जे वाटणीपत्र होते ते त्यांच्या दृष्टीने ताटातुटीचे पत्र होते.

वंशावळी छापणाऱ्या जुन्या संपादकांनी मृत्युपत्रांचे गोषवारे करताना हा भाग वारंवार गाळला. मुलांची नावे दिली, एकर दिले, साक्षीदार दिले. आणि नावानिशी दिलेल्या माणसांच्या जागी ‘व गुलाम’ एवढेच दोन शब्द राहिले. जागा वाचविणे हा हेतू असेल. परिणाम मात्र असा झाला की, मूळ कागदात असलेली शेकडो माणसे छापील साधनांतून नाहीशी झाली. अस्सल कागद समग्र छापावा, निवडक उताऱ्यांवर भागवू नये, असा राजवाड्यांच्या परंपरेने मराठी संशोधनात धरलेला आग्रह किती योग्य होता, याचा हा दूरदेशीचा पुरावा आहे.

५

रॉबर्ट कार्टर तिसरा याला ६० हजार एकरांहून अधिक जमीन वारशाने मिळाली. १७५४ मध्ये त्याने मेरिलँडच्या फ्रान्सेस अॅन टास्कर हिच्याशी विवाह केला, १७५८ मध्ये तो वसाहतीच्या कौन्सिलचा सभासद झाला. त्याच्या अनेक मळ्यांना त्याने मेष, वृषभ, मिथुन, सिंह, तुला अशी राशींची नावे दिली होती. १७७८ मध्ये त्याने बॅप्टिस्ट पंथ स्वीकारला, आणि त्या पंथाच्या सभांत गोरे व काळे एकत्र बसत.

व्हर्जिनियात १७२३ पासून गव्हर्नर व कौन्सिल यांच्या मंजुरीवाचून गुलामाला मुक्त करता येत नसे. १७८२ च्या कायद्याने मालकाला मृत्युपत्राने अथवा दस्ताने तसे करण्याची मोकळीक दिली. १ ऑगस्ट १७९१ रोजी कार्टरने एक बक्षीसपत्र लिहिले आणि सप्टेंबरमध्ये नॉर्थम्बरलंड येथील जिल्हा न्यायालयात दाखल केले. माणसांना गुलामीत ठेवणे हे धर्माच्या व न्यायाच्या खऱ्या तत्त्वांना विरुद्ध असल्याची आपली खात्री झाली आहे, असे त्यात त्याने म्हटले. सोबत मळेवार याद्या जोडल्या. त्यांत ४५० हून अधिक माणसांची नावे व वये आहेत. मुक्ती एकदम नव्हती. २ जानेवारी १७९२ पासून टप्प्याटप्प्याने ती व्हावयाची होती. मुलग्यांनी २१ व मुलींनी १८ वर्षे पुरी होईपर्यंत थांबावयाचे होते. पुढे कार्टर बाल्टिमोरला राहावयास गेला आणि हे काम चालू ठेवण्याचे अधिकार त्याने बेंजामिन डॉसन या बॅप्टिस्ट धर्मोपदेशकाकडे सोपविले. यादवी युद्धापूर्वी अमेरिकेत एका व्यक्तीने केलेल्या गुलाममुक्तीत हा दस्त सर्वांत मोठा गणला जातो.

कागदपत्रांच्या दृष्टीने येथे विचारावयाचा प्रश्न असा की, कार्टरने मृत्युपत्र न लिहिता दस्त का लिहिला? मृत्युपत्र लिहिणाऱ्याच्या मरणानंतर अमलात येते. हयातीत ते बदलता येते आणि मरणानंतर वारस व सावकार त्याच्या आड येऊ शकतात. रिचर्ड रँडॉल्फ १७९६ मध्ये वारला. त्याने मृत्युपत्रात आपले गुलाम मुक्त करण्याची इच्छा लिहिली होती, परंतु मिळकतीवरील कर्जामुळे ती अमलात येण्यास १८१० साल उजाडले. वॉशिंग्टनने १७९९ च्या मृत्युपत्रात स्वतःच्या मालकीचे गुलाम मुक्त केले. पत्नीच्या पहिल्या पतीच्या मिळकतीतून तिच्या तहहयात हक्काने आलेल्यांना मुक्त करण्याचा अधिकारच त्याला नव्हता. दस्ताचे तसे नाही. न्यायालयात नोंदला की तो लिहिणाऱ्यालाही बांधतो. कार्टरच्या वारसांना त्याचे हे करणे रुचले नव्हते, आणि त्याचा मुलगा जॉर्ज याने पुढे उभारलेले ओटलंड्सचे मळे गुलामांच्याच श्रमावर चालले. हे ध्यानात घेता दस्ताची निवड हा त्या गृहस्थाच्या निश्चयाचा सर्वांत सबळ पुरावा ठरतो. धर्मश्रद्धेचे शब्द त्या काळी अनेकांनी लिहिले होते; मागे फिरण्याची वाट बंद करणारा कागद थोड्यांनी लिहिला.

शिवाय त्या कागदाचे रूपही सूचक आहे. बक्षीसपत्र हा प्रकार या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या वापरात होता. जमीन आणि माणसे बापाकडून मुलाकडे, आजोबांकडून नातवाकडे जात ती अशाच कागदांनी. १७९१ मध्ये तोच प्रकार, तीच याद्या करण्याची रीत. फक्त ज्याचे दान आणि ज्याला दान ती व्यक्ती एकच. मालमत्तेची यादी आणि हक्कदारांची यादी या वेळी एकच झाली.

६

या दस्ताचे मूल्यमापन अभ्यासकांनी निरनिराळ्या प्रकारे केले आहे. लुइस मॉर्टन यांचा १९४१ चा ग्रंथ रॉबर्ट कार्टरकडे अठराव्या शतकातील तंबाखूचा मळेवाला म्हणून पाहतो. हिशेब, कारखाने, जमीन यांचे त्यांनी केलेले विवेचन आजही उपयोगी आहे. परंतु मळ्याच्या अर्थकारणाच्या चौकटीत मुक्तिपत्र हे एका उद्योगाचे विसर्जन वाटू लागते. अँड्र्यू लेव्ही यांच्या २००५ च्या ग्रंथाने एवढी मोठी घटना राष्ट्राच्या स्मृतीतून कशी पुसली गेली हा प्रश्न पुढे आणला. त्याचा मध्यबिंदू मात्र मुक्त करणारा पुरुषच राहिला. या दोहोंच्या मध्ये, १९९३ मध्ये, जॉन बार्डन यांनी ड्यूक विद्यापीठाला सादर केलेला प्रबंध १७३२ ते १८१२ या काळातील गुलाम समाजालाच विषय मानतो. १७३२ हे किंग कार्टरच्या मृत्यूचे, म्हणजे वाटणीचे साल. तेथून आरंभ करताच घराण्याची कथा उलट बाजूने दिसू लागते. पद्धतीच्या दृष्टीने हे तिसरे पाऊल सर्वांत महत्त्वाचे आहे.

कारण १७९१ च्या याद्या मागे व पुढे दोन्हीकडे जोडता येतात. मागे जाताना १७३२ ची मिळकतीची यादी, वाटण्या व मळ्यांचे हिशेब लागतात. पुढे जाताना १७९३ च्या कायद्यान्वये मुक्त कृष्णवर्णीयांना काउंटीच्या कारकुनाकडे करावी लागलेली नोंद मिळते. तीत नाव, वय, उंची आणि मुक्ती कोणाकडून मिळाली हे लिहिले जाई. १८०६ च्या कायद्याने यापुढे मुक्त होणाऱ्यांनी बारा महिन्यांत राज्य सोडावे असे ठरविले, त्यामुळे स्वातंत्र्याची तारीख सिद्ध करणारा कागद जवळ असणे हा जगण्याचा प्रश्न झाला. ज्या दप्तरात या माणसांची किंमत लिहिली जाई, त्याच दप्तराचा उतारा आता त्यांना खिशात बाळगावा लागला. त्यांच्या आडनावांबाबतही घाई करू नये. कार्टरकडून मुक्त झालेला प्रत्येकजण कार्टर आडनावाचा झाला नाही, आणि कार्टर आडनाव आढळले म्हणजे रक्ताचे अथवा मालकीचे नाते सिद्ध झाले असेही नाही. तेथे पुन्हा शेजारी, साक्षीदार आणि मळ्याचे नाव यांचाच आधार घ्यावा लागतो; म्हणजे जमीनदारांसाठी वापरलेली कसोटीच येथेही लावावी लागते.

जमीनदार घराण्याचा मागोवा घेणे हा विषय संकुचित आहे, असा आक्षेप घेतला जातो. संपन्नांचे कागद टिकतात, म्हणून संपन्नांचा इतिहास लिहिला जातो, या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु कार्टर घराण्याच्या कागदपत्रांवरून त्याला एक उत्तर मिळते. दोष कागदांत जेवढा आहे त्याहून अधिक तो सूची करणाऱ्याच्या निवडीत आहे. एकच मृत्युपत्र मालकाच्या वंशजाने वाचले तर त्यात चार वारस सापडतात. तेच समग्र वाचले तर चाळीस कुटुंबे सापडू शकतात. म्हणून या क्षेत्रात उतरणाऱ्या विद्यार्थ्याने तीन गोष्टी पाळाव्यात. गोषवाऱ्यावर न थांबता नोंदवहीतील समग्र मजकूर पाहावा. प्रत्येक कागद कोणत्या कायद्याखाली व कोणते काम साधण्यासाठी लिहिला गेला ते आधी ठरवावे. आणि कागदातील प्रत्येक नाव, मग ते देणाऱ्याचे असो, घेणाऱ्याचे असो वा दिले गेलेल्याचे असो, सारख्याच काळजीने टिपून घ्यावे. १७९१ च्या बक्षीसपत्रातील मेष, सिंह, तुला या मळ्यांखालील नावांची यादी ज्याने अशा काळजीने उतरवून घेतली असेल, त्याला नोमिनी हॉलच्या घराण्याची वंशावळ कोठे संपते आणि दुसऱ्या किती वंशावळी तेथून सुरू होतात, हे वेगळे सांगावे लागणार नाही.